नकाशातली कोरी जागा

दर मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या इंडियन वेल्स नावाच्या छोट्या शहरात टेनिसची मोठी स्पर्धा भरते. आपल्याकडे तेव्हा रात्र असते. ज्यांना झोप येत नाही किंवा यायला नको असते, ते मोबाईलवर सामने बघत बसतात. स्टेडियम, ओळीत लावलेले ताड, मागे एकही झाड नसलेले तांबूस डोंगर. समालोचक शंभर वेळा गावाचं नाव घेतात. त्या नावाचा शब्दशः अर्थ 'इंडियनांच्या विहिरी' असा होतो, हे मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्याही आलं नव्हतं. एकदा आलं आणि साधा प्रश्न पडला : मग विहिरी कुठे आहेत?

विहिरी नाहीत, पण होत्या. या खोऱ्यात कहुइया नावाचे लोक राहायचे, आणि आजही राहतात. आडात दोर सोडून पाणी ओढण्याऐवजी ते वाळूत उताराची वाट खणत पाण्यापर्यंत जायचे. बाई घडा घेऊन पायऱ्या उतरायची आणि भरून वर यायची. आपल्याकडची बारव डोळ्यांसमोर आणा आणि तिच्यातले सगळे दगड काढून टाका, म्हणजे ती विहीर दिसेल. दगड नसल्यामुळेच ती टिकलीही नाही. दरवर्षी वाळू उपसणारे हात गेले की विहीर बुजते. मागे फक्त नाव उरतं.

हे नावही एक गोष्ट सांगून जातं. घरातला माणूस आपल्या विहिरीला 'इंडियनांची विहीर' म्हणणार नाही. तो म्हणेल थोरली विहीर, खालची विहीर, अमक्याची विहीर. नकाशावर जे नाव राहिलं, ते बाहेरून आलेल्या तहानलेल्या माणसाने ठेवलेलं आहे.

विहिरी शोधता शोधता मी जुन्या नकाशांपर्यंत पोचलो. अमेरिकेचं भूसर्वेक्षण खातं १८७९ साली स्थापन झालं. त्याचे दुसरे संचालक जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८८४ मध्ये काँग्रेसकडे सगळ्या देशाचे पद्धतशीर नकाशे काढण्याची परवानगी मागितली. तिथून शंभराहून अधिक वर्षं हे काम चाललं. शाळेत आपण ज्यांना स्थलनिर्देशक नकाशे म्हणायचो आणि भूगोलवाले ज्यांना टोपोशीट म्हणतात, तेच हे नकाशे. आज त्यांतली दीड लाखाहून जास्त जुनी पत्रकं स्कॅन होऊन टोपोव्ह्यू या संकेतस्थळावर फुकट उपलब्ध आहेत. एकाच जागेची वेगवेगळ्या सालांची पत्रकं फोनवर एकामागोमाग उघडता येतात. अंगठा सरकवला की पन्नास वर्षं जातात.

या नकाशांची भाषा सोपी आहे. तपकिरी समोच्च रेषा म्हणजे जमिनीची उंची. निळं म्हणजे पाणी, काळं म्हणजे माणसाने केलेलं काहीतरी, हिरवं म्हणजे झाडोरा. तुटक निळी रेघ दिसली तर तो ओढा वर्षातले काहीच दिवस वाहतो असं समजायचं. वाळवंटाचं पत्रक उघडलं की बहुतेक सगळं तपकिरीच दिसतं. पुष्कळ ठिकाणी तर तेही नसतं, जमीन इतकी सपाट असते की दोन रेषांमध्ये नुसता कागद उरतो.

हा लेख त्या नुसत्या कागदाबद्दल आहे. नकाशावर एखादी जागा कोरी असली तर तिचा अर्थ काय घ्यायचा? आणि तो अर्थ चुकीचा घेतला, तर तो दोष कुणाचा?

पाण्याची रेघ

१८५३ साली रेल्वेमार्ग शोधणाऱ्या एका तुकडीबरोबर विल्यम ब्लेक नावाचा तरुण भूवैज्ञानिक या भागात आला. त्याच्या वायुभारमापकाने सांगितलं की आपण समुद्रसपाटीच्या खाली चाललो आहोत. डोंगराच्या पायथ्याशी खडकांवर त्याला एक आडवी रेघ दिसली. रेघेखाली खडकावर चुनखडीचा थर होता, वर नव्हता. बादलीत पाणी बरेच दिवस राहिलं की कडेला क्षाराची रेघ उमटते, तशीच ही होती. म्हणजे इथे कधीतरी प्रचंड सरोवर होतं.

ब्लेकने हे कहुइया लोकांना विचारलं. त्यांनी सांगितलं, हो, होतं. इथे मासे होते, हंस-बदकं होती. मग पाणी हळूहळू ओसरत गेलं. आमची माणसं डोंगरातून खाली आली. पुढे एकदा पाणी अचानक परत आलं होतं, तेव्हा पुन्हा डोंगरात पळावं लागलं.

ब्लेकने ही हकिकत लिहून ठेवली, हा त्याचा मोठेपणा. सरोवराला त्याने त्याच लोकांचं नाव दिलं आणि वाळवंटाला कोलोरॅडो डेझर्ट. पुढच्या संशोधनाने ती हकिकत खरी ठरवली. कोलोरॅडो नदी आपला मार्ग बदलून या खोलगट भागात शिरायची तेव्हा सरोवर भरायचं, आणि नदी परत फिरली की आटायचं. असं अनेकदा झालं. शेवटचं मोठं भरणं अठराव्या शतकातलं मानलं जातं, म्हणजे ब्लेक ज्यांच्याशी बोलला त्यांच्या आजोबा-पणजोबांच्या काळातलं. डोंगरउतारावर दगड रचून केलेले मासे पकडायचे सापळे आजही आहेत, एकाखाली एक अशा ओळींत. पाणी जसं खाली गेलं, तसे माणसांनी सापळे खाली रचत नेले. ओसरत्या पाण्याची ती दगडांत लिहिलेली डायरीच आहे.

आता जुनं पत्रक उघडा. सरोवराचा किनारा आजच्या समुद्रसपाटीच्या सुमारे ४० फूट वर होता. त्या उंचीच्या आसपासची समोच्च रेषा बोटाने धरून चाललं तर सरोवराचा आकार सापडतो. तपकिरी रेषेत पाणी दडलेलं आहे, पण ते पाणी आहे हे नकाशा सांगत नाही. आधी कुणाच्या तरी आजीची गोष्ट ऐकलेली असावी लागते, तेव्हाच ती रेषा किनारा होते.

म्हणजे इथे दोन दस्तऐवज होते. एक लोकांच्या तोंडी, दुसरा कागदावर. दोन्ही खरे होते. पुढच्या सगळ्या निर्णयांत मात्र एकच मोजला गेला.

पाणी परत आलं

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलोरॅडोचं पाणी कालव्याने या खोलगट भागात आणायचं ठरलं. 'डेझर्ट' नावाच्या ठिकाणी शेतकरी जमीन घ्यायला येईना, म्हणून १९०१ च्या सुमाराला कालवे बांधणाऱ्या जॉर्ज चॅफी यांनी दक्षिणेकडच्या भागाचं नाव बदलून 'इंपीरियल व्हॅली' केलं. जमीन तीच होती, नावाने तिचा भाव बदलला.

१९०४ मध्ये कंपनीने नदीला नवा छेद दिला. त्यावर धड दरवाजा नव्हता. १९०५ च्या पुरांत नदीने तो छेद रुंदावला, आणि बघता बघता अख्खी नदी समुद्राची वाट सोडून या खड्ड्यात शिरली. ती बंद करायला फेब्रुवारी १९०७ उजाडला. तोपर्यंत रेल्वेमार्ग, मिठागर आणि वस्त्या पाण्याखाली गेल्या होत्या. ते पाणी म्हणजे आजचा सॉल्टन सी.

वर्तमानपत्रांसाठी हा अपघात होता. ज्यांच्या गोष्टीत पाणी एकदा अचानक परत आलं होतं, त्यांना तो किती अनपेक्षित वाटला असेल?

टोरेस-मार्टिनेझ या कहुइया समूहाची राखीव जमीन इथेच, उत्तर टोकाला आहे. पुरात तिच्यातली सुमारे २,००० एकर बुडाली. पुढे १९०९ मध्ये सरकारने या समूहाला आणखी १२,००० एकर जमीन दिली. त्यांतली ९,००० एकर त्या वेळी पाण्याखालीच होती! ऐकायला ही थट्टा वाटते, पण जमीन समूहाने स्वतः मागितली होती. पाणी ओसरेल असा त्यांचा हिशेब होता. आधीही ओसरलं होतंच. मला हा हिशेब त्या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा हिशेब वाटतो.

तो चुकला, कारण या वेळी खेळ एकट्या निसर्गाचा नव्हता. इंपीरियल व्हॅलीतल्या शेतांचं खारट सांडपाणी उतारावरून सॉल्टन सीमध्ये येत राहिलं आणि पाणी आटेना. १९२४ आणि १९२८ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशांनी तळाची सरकारी जमीन सांडपाण्याचं कायमचं कोठार म्हणून राखून ठेवण्यात आली. त्यासाठी अखेर जी हद्द ठरली, ती होती समुद्रसपाटीखाली २२० फूट. म्हणजे एक समोच्च रेषाच कायदा झाली. ११,००० एकरांहून जास्त राखीव जमीन पाण्याखालीच राहिली. १९८२ मध्ये सरकारने या समूहाच्या वतीने पाणीपुरवठा संस्थांवर दावा लावला आणि २००० साली भरपाईचा कायदा झाला. पूर आल्यापासून पंचाण्णव वर्षांनी.

नंतरची पत्रकं पाहिलीत तर तिथे सुंदर, सपाट निळा रंग दिसेल. खाली कुणाची जमीन आहे, हे तो निळा रंग सांगत नाही. तो खोटं बोलत नाही. पाणी आहे, म्हणून निळं.

वगळणं गुन्हा आहे का?

इथे नकाशा काढणाऱ्यावर चिडणं सोपं आहे. पण ते बरोबर होणार नाही.

प्रत्येक नकाशा वगळतोच. एक इंच म्हणजे एक मैल अशा प्रमाणावर विहीर दाखवायची तर तिच्या खऱ्या आकाराच्या शेकडो पट मोठा ठिपका द्यावा लागतो. या खात्याच्या विसाव्या शतकातल्या नकाशांवर दाट वस्तीच्या शहरांत घरं एकेक दाखवत नसत. सगळ्या भागावर एक फिकट गुलाबी छटा द्यायची आणि त्यात फक्त शाळा, चर्च यांसारख्या ठळक इमारती काढायच्या. त्या छटेचं तांत्रिक नावच 'घर वगळण्याची छटा' असं होतं. नावातच कबुली! इतकी प्रामाणिक व्यवस्था क्वचित सापडते.

शिवाय या नकाशांनी माणसं वाचवली आहेत. वाळवंटात तहानेने मरणाऱ्यांची संख्या कमी व्हावी म्हणून १९०९ मध्ये याच खात्याच्या वॉल्टर मेंडेनहॉल यांनी पाणी मिळण्याच्या ठिकाणांची पुस्तिका काढली. १९१६ मध्ये काँग्रेसने त्यासाठी पैसे दिले आणि खात्याने वाटांवर पाण्याची दिशा दाखवणारे फलक उभे केले. उन्हात काम करणाऱ्या त्या सर्वेक्षकांनी जे मोजलं ते चोख मोजलं.

मग अन्याय कुठे होतो? मला वाटतं तो वगळण्यात नसतो. 'इथे काही दाखवलेलं नाही' या वाक्याचं 'इथे काही नाही' असं भाषांतर होतं, त्या क्षणी तो घडतो. पहिलं वाक्य नकाशाचं, दुसरं वाचणाऱ्याचं. आणि वाचणारा बहुधा काहीतरी हेतू घेऊन आलेला असतो. त्याला रेल्वे टाकायची असते, कालवा खणायचा असतो, जमीन विकायची असते. त्याला जागा कोरी असलेलीच हवी असते.

याच इंपीरियल व्हॅलीत विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पंजाबातून आलेले शेतकरी राबत होते. १९१३ च्या कायद्याने नागरिकत्वाला अपात्र ठरवलेल्या परदेशी लोकांना कॅलिफोर्नियात जमिनीची मालकी नाकारली. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना तसं अपात्र ठरवलं. अनेकांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली आणि तिथेच रुजले. त्याच खोऱ्यात शेती केलेले दलीपसिंग सौंद १९५६ मध्ये अमेरिकन काँग्रेसवर निवडून गेले, तो मान मिळवणारे पहिले आशियाई. नकाशावर या सगळ्याचं काय दिसतं? सरळ निळे कालवे आणि चौरस शेतं. पाणी कुठून कुठे जातं ते दिसतं, ते कुणाच्या हाताने शेतात वळलं ते दिसत नाही. पण जमीन तुझ्या नावावर होणार नाही, हे नकाशाने नाही, कायद्याने ठरवलं.

म्हणून जबाबदारी वाटून द्यायची तर मी अशी देईन. काढणाऱ्याने आपण काय वगळतो ते उघड सांगावं, 'घर वगळण्याची छटा' म्हणतात तसं. वाचणाऱ्याने कोऱ्या जागेवर निर्णय घेण्याआधी तिथे जाऊन विचारावं. ब्लेकने विचारलं होतं. त्याला फक्त एक प्रश्न विचारण्याएवढे कष्ट पडले.

आणि ज्यांना नकाशावर यायचंच नाही?

इथपर्यंत गोष्ट सरळ वाटते : जे वगळलं ते भरून काढा. सापळे दाखवा, विहिरी दाखवा, जुनी गावं दाखवा. आता तर प्रत्येकाच्या हातात फोन आहे.

पण असं सांगतात की १८६२ मध्ये सोन्याच्या खाणींकडे जाणारी वाट शोधत विल्यम ब्रॅडशॉ नावाचा माणूस टोरो या कहुइया गावात आला, तेव्हा प्रमुख काबाझोन आणि तिथे आलेल्या एका मॅरिकोपा टपालवाहकाने त्याला पाणवठ्यांचा नकाशा दिला. पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान त्यांनी परक्याला विश्वासाने देऊन टाकलं. तिच्यावरून वाट झाली आणि तिला नाव मिळालं 'ब्रॅडशॉ ट्रेल'. आजही नकाशांवर तेच आहे. वाटेने गाड्या आल्या, गर्दी आली. १८६२-६३ च्या देवीच्या साथीत असंख्य कहुइया मेले. वाटेनेच साथ आली असं मी म्हणणार नाही. पण पाणवठा दाखवणं म्हणजे दार उघडणं, आणि उघडल्या दारातून कोण येईल हे दाखवणाऱ्याच्या हातात राहत नाही, एवढं नक्की.

आज अमेरिकेत १९७९ च्या कायद्यानुसार पुरातत्त्वीय ठिकाणांची नेमकी जागा सरकारला गुप्त ठेवता येते. कारण उघड आहे. ठिकाण कळलं की भांडी चोरायला लोक येतात, सेल्फी काढायला येतात. मासे पकडायच्या सापळ्यांचे दगड हलवले तर ती डायरी पुसली जाते, परत लिहिता येत नाही.

तेव्हा नकाशावर असणं हा सन्मान आणि नसणं हा अपमान, असं सूत्र चालत नाही. कधी नसणं हेच संरक्षण असतं. प्रश्न असा विचारावा लागतो : जागा कोरी ठेवायचं कुणी ठरवलं? ज्यांची जागा आहे त्यांनी ठरवलं असेल तर ते मौन आहे. दुसऱ्या कुणी ठरवलं असेल तर ते तोंड दाबणं आहे. दोन्ही कागदावर सारखेच दिसतात. आणि म्हणूनच नुसत्या कागदावरून न्याय करता येत नाही.

हा प्रश्न जुना झालेला नाही. सॉल्टन सी आता आटतो आहे. जुन्या पत्रकांवरचा निळा किनारा आजच्या किनाऱ्याशी जुळत नाही, बोटी सोडायचे धक्के कोरड्या मातीत उभे आहेत, आणि उघड्या पडलेल्या तळाची धूळ आसपासच्या मुलांच्या फुप्फुसांत जाते. त्याच तळाखाली लिथियम आहे. आपल्या फोनच्या बॅटरीत असतं तेच. आसपासच्या वाळवंटात सौरऊर्जेचे मोठे प्रकल्प आहेत. स्वच्छ ऊर्जा हवीच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण 'रिकामी जमीन' हा शब्द पुन्हा ऐकू येतो. आपल्याकडे जैसलमेरच्या ओरणांबद्दल, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या कुरणांबद्दल, हाच वाद चालू आहे. गावाच्या लेखी ती देवराई, महसुली नोंदीत कित्येकदा पडीक. 'पडीक' हीसुद्धा नकाशातली कोरी जागाच.

मी अजूनही रात्री कधीतरी ते संकेतस्थळ उघडतो. एक जुनं पत्रक, त्यावर आजचं उपग्रहचित्र. अंगठ्याने वरचं पारदर्शक करत नेलं की गोल्फची हिरवी मैदानं विरघळतात, रस्ते जातात, पोहण्याचे तलाव जातात आणि तपकिरी रेषा वर येतात. पूर्वी मला वाटायचं, हे सगळं काढून टाकलं की खाली मूळचं वाळवंट सापडेल, कुणाचाही स्पर्श न झालेलं. आता तसं वाटत नाही. सगळ्यांत खालचा थर मला दिसतच नाही, कारण तो कधी कुणी छापलेला नाही. तिथे एक बाई वाळूच्या पायऱ्या उतरून पाण्यापाशी गेलेली आहे. तिच्या विहिरीला तिच्या घरात काय म्हणत होते, ते या कुठल्याच पत्रकावर नाही.